दहा मिनिटांची फिल्म आणि आजीच्या चार भाषा

दर वर्षी जून उजाडला की आमच्या कॉलेजात पालकांची वर्दळ सुरू होते. पूर्वी प्रश्न ठरलेले असायचे. बी.कॉम. बरे की बी.एस्सी.? डी.एड.ला अजून भाव आहे का? अलीकडे त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "सर, पोरगी म्हणते हैदराबादला जाऊन मास कम्युनिकेशन करते. तिथं म्हणे शॉर्ट फिल्म काढायला शिकवतात. असलं काही करून पोट भरतं का?"

हा प्रश्न मला विचारतात त्याला कारण आहे. मी स्वतः त्याच वाटेने जाऊन आलो आहे. २००२ ते २००४ ही दोन वर्षे मी हैदराबादेत एम.ए. केले आणि अभ्यासक्रमाचा भाग म्हणून दहा मिनिटांची एक फिल्म केली. तिला बक्षीस मिळाले नाही, ती कुठल्या महोत्सवात लागली नाही. तरीही आमच्या घरात आजवर जमलेल्या चीजवस्तूंत तिचा नंबर बराच वर लागतो. तो कसा, हे आज वाचकांना सांगावेसे वाटते.

आपल्या बीदर-भालकी भागातल्या माणसाला हैदराबाद परके नाही. १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेआधी आपण सगळे एकाच हैदराबाद संस्थानातले, पुढे त्याच राज्यातले. त्या वर्षी बीदर, गुलबर्गा, रायचूर म्हैसूर राज्यात आले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि तेलंगण आंध्रात. आपल्याच जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठवाड्याला जोडले गेले. नकाशावर रेषा पडल्या, पण सोयरिकी कुठे रेषा पाहून थांबतात? दवाखाना, लग्नाचा बस्ता, नोकरी, सगळ्याला हैदराबादच. सुलतान बाजार, काचीगुडा या भागांत मराठी आणि कन्नड घरे भिंतीला भिंत लावून राहत आली. १९०७ साली सुरू झालेली मराठी माणसांची विवेकवर्धिनी तिथलीच आणि कन्नडिगांची नृपतुंग शाळाही जवळच, काचीगुड्यात.

काचीगुड्यातच माझ्या वडिलांची मावशी राहायची. आम्ही तिला मावशीआजी म्हणायचो. तिचे माहेर पक्के कन्नड, सासर मराठी. शनिवारी संध्याकाळी होस्टेलच्या जेवणाला कंटाळून मी तिच्याकडे जायचो. तिची धाकटी बहीण गुलबर्ग्याहून फोन करायची, तेव्हा "हेंग इद्दी? ऊटा आतेन?" असे सुरू व्हायचे. फोन ठेवला की सुनेला मराठीत, "कुकरची शिट्टी मोजलीस का गं?" खाली दूधवाली आली की तेलुगूत "एंत?" आणि बाजारात भाजीवाल्याशी अस्सल दखनी, "क्या मियाँ, इत्ते में नक्को!" भाषा बदलताना ती क्षणभरही थांबत नसे. जशी एका चुलीवरचे भांडे उतरवून दुसरे चढवावे, तशी.

दुसऱ्या वर्षी फिल्मसाठी विषय मागितले. आमच्या गटात चौघे. कॅमेऱ्यावर वरंगलकडचा तेलुगू मुलगा, आवाजाला जुन्या शहरातली उर्दू बोलणारी मुलगी, एडिटिंगला विजयवाड्याकडचा एक आणि दिग्दर्शक म्हणून मी. बाकी गट भ्रष्टाचार, हुंडा, पाणीटंचाई असे भारदस्त विषय घेत होते. मी म्हटले, आपण मावशीआजीचा एक बाजार करू. घरातून निघायचे, सुलतान बाजारात जायचे, भाजी घ्यायची, परत यायचे. एवढीच गोष्ट. मार्गदर्शक सर म्हणाले, "यात संघर्ष कुठे आहे?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. पण मुलांना पटले आणि विषय मंजूर झाला.

खरी परवानगी काढायची होती मावशीआजीची. ती फोटोच काढू द्यायची नाही. "फोटो भिंतीला हार घालायला काढतेत रे. मला अजून वेळ आहे," असे तिचे म्हणणे. तीन शनिवार मी बोलत राहिलो. शेवटी तिने दोन अटी घातल्या. डोक्यावरचा पदर घसरलेला दिसता कामा नये आणि सुनेशी झालेली कुरबुर दाखवायची नाही. दोन्ही आम्ही पाळल्या. आज माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिला धडा हाच देतो. कॅमेरा हातात आला म्हणून समोरचा माणूस आपला होत नाही. त्याची अट आधी ऐकून घ्यावी, मग लेन्सवरची टोपी काढावी.

त्या काळी मोबाइलवर फिल्म काढण्याची सोय नव्हती. आमच्याकडे मिनी-डीव्ही कॅमेरा होता. काडीपेटीपेक्षा थोडी मोठी कॅसेट, तिच्यावर साठ मिनिटे मावायची. चित्रीकरण झाल्यावर ती वायरने कॉम्प्युटरला जोडायची आणि साठ मिनिटांची कॅसेट उतरवून घ्यायला पूर्ण साठ मिनिटे लागायची. तासाभराच्या चित्रणाला तेरा जीबीच्या आसपास जागा लागे. लॅबमधली डिस्क सगळ्या गटांत मिळून, म्हणजे आपले काम संपवून जागा मोकळी करा, मागे लोक उभे आहेत. रेशनच्या रांगेसारखाच प्रकार.

काम सुरू झाल्यावर कळले की फिल्ममध्ये चित्रापेक्षा आवाज जास्त छळतो. अंधूक चित्र प्रेक्षक चालवून घेतो, आवाज कळला नाही की तो उठून जातो. सुलतान बाजारात शांतता कुठली? रिक्षांचे भोंगे, कपड्याच्या दुकानांतून ओरडणारी पोरे, एकीकडून देवळातली घंटा, दुसरीकडून अजान. आवाज सांभाळणारी मुलगी कानाला हेडफोन लावून उभी राहायची आणि हात वर केला की आम्ही थांबायचे. घरातल्या प्रत्येक खोलीत तिने आम्हाला अर्धा मिनिट गप्प उभे केले आणि नुसती खोली रेकॉर्ड केली. मावशीआजी म्हणाली, "रिकाम्या खोलीचं काय ऐकायलीस गं पोरी?" प्रत्येक खोलीचा आपला एक आवाज असतो. पंख्याचा, रस्त्याचा, फ्रिजचा. दोन वाक्यांच्या मधला तुकडा कापला की तिथे ठार शांतता पडते आणि कानाला ठेच लागते. तिथे हाच आवाज भरायचा असतो.

एडिटिंगला बसलो तेव्हा वेगळीच गंमत. आमच्या चौघांपैकी एकालाही पूर्ण फिल्म कळत नव्हती. मला तेलुगू येत नव्हते, दोघांना मराठी आणि कन्नड येत नव्हते. एडिटिंगवाल्या मुलाने एक वाक्य आवाज उतरला म्हणून कापले. मावशीआजी म्हणत होती, "लेकाकडे, नातवाकडे पुण्याला राहायला जायचं..." आणि एक श्वास घेऊन, "नाही मला." त्याने श्वासावर कात्री लावली. पडद्यावर बाई पुण्याला निघाली! आपल्या भाषांत नकार शेवटी येतो. माणसाला पुरते बोलू द्यावे लागते, तेव्हा कुठे त्याचे हो आहे की नाही ते कळते. मग आम्ही ठरवले की ज्याची भाषा सुरू असेल त्याने शेजारी बसायचे आणि तो मान हलवेल तेव्हाच कात्री चालवायची.

फिल्म पूर्ण झाली आणि जमा करताना एक छापील फॉर्म आला. फिल्मचे नाव, लांबी, दिग्दर्शक आणि चौथा रकाना, भाषा. जागा एकाच शब्दाची. ऑफिसमधले गृहस्थ म्हणाले, "जी जास्त असेल ती लिहा." आम्ही घड्याळ लावून मोजायला बसलो. मराठी साडेतीन मिनिटे, दखनी तीन, कन्नड दोन, तेलुगू मिनिटभर, उरलेला वेळ नुसता बाजार. पण साडेतीन मिनिटांच्या जोरावर मावशीआजीला मराठी म्हणायचे, तर बहिणीशी बोलताना हसणारी ती बाई कोण? आम्ही बारीक अक्षरात चारही भाषा लिहिल्या. त्यावर नापसंती झाली, फॉर्म परत आला, आम्ही पुन्हा तसाच दिला. एवढाच काय तो आमचा लढा.

ज्यांना वाटते की असल्या मिसळ भाषेत सिनेमा होत नाही, त्यांनी हैदराबादच्याच एका मुलाची गोष्ट लक्षात घ्यावी. श्याम बेनेगल १९३४ साली सिकंदराबादजवळच्या तिरुमलगिरीत जन्मले. घरची भाषा कोकणी, मूळ कर्नाटकातले, वडील छायाचित्रकार. वयाच्या बाराव्या वर्षी वडिलांच्या कॅमेऱ्यावर त्यांनी आपली पहिली छोटी फिल्म काढली. हैदराबादेतच शिकले, तिथे फिल्म सोसायटी सुरू केली. 'अंकुर'ची गोष्ट त्यांनी विद्यार्थिदशेत लिहिली होती. ती पडद्यावर यायला १९७४ साल उजाडावे लागले. मधली वर्षे त्यांनी मुंबईत जाहिरातींच्या आणि माहितीपटांच्या कामात काढली.

'अंकुर' तेलंगणातल्या खेड्यात घडतो आणि त्यातली माणसे पुस्तकी हिंदी न बोलता आपल्या कानाला ओळखीची दखनी बोलतात. जमीनदाराचा मुलगा झाले होते कन्नड रसिकांचे लाडके अनंत नाग, त्याची बायको झाली होती विजय तेंडुलकरांची कन्या प्रिया. शबाना आझमींचा हा पहिला गाजलेला चित्रपट. त्यांना आणि मुक्या कुंभाराचे काम करणाऱ्या साधू मेहेरना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. पुढे बेनेगलांनी हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या मराठी आत्मकथनावरून 'भूमिका' (१९७७) केला. डिसेंबर २०२४ मध्ये ते गेले, तेव्हा वर्गात मी मुलांना 'अंकुर' दाखवला. पहिल्या पाच मिनिटांत एक मुलगा म्हणाला, "सर, हे तर आमच्या चिटगुप्प्याकडचं बोलणं आहे!"

जवळचे उदाहरण हवे तर नागराज मंजुळे. जेऊरचा हा माणूस अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात शिकत असताना त्याने अभ्यासक्रमासाठी 'पिस्तुल्या' (२००९) हा लघुपट केला. शाळेची ओढ असलेल्या, पण चोरीकडे ढकलल्या जाणाऱ्या मुलाची ती गोष्ट. त्या पहिल्याच प्रयत्नाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे 'सैराट' (२०१६) आला. त्यातली आर्ची-परश्या पळून कुठे जातात? हैदराबादला. आणि तिथे परक्या भाषेत उभे राहण्याची त्यांची धडपड सोलापूर-बीदरकडच्या किती घरांनी ओळखली असेल!

अर्थात प्रत्येक विद्यार्थी बेनेगल किंवा मंजुळे होत नाही. मीही झालो नाही. एम.ए. संपवून गावाकडे आलो, नोकरी लागली, लग्न झाले. वडिलांनी मात्र एकदा विचारलेच, "त्या फिल्मचा काय उपयोग झाला रे?" त्याचे उत्तर त्यांना मिळायला पुढे अकरा वर्षे लागली.

२०१४ साली मावशीआजी गेली. वर्षश्राद्ध जवळ आले तेव्हा घरात एक कुरबुर सुरू झाली. पुण्यतिथीची पत्रिका कोणत्या भाषेत छापायची? काचीगुड्यातले काका म्हणाले, मराठीत. या घरात मराठीच चालत आली. कलबुर्गीला कन्नड घरात दिलेली आत्या म्हणाली, "आईची बोली कन्नड. तिच्या माहेरचे लोक येणार, त्यांना वाचता यायला नको?" काका म्हणाले, ती पन्नास वर्षे मराठी बोलली. आत्या म्हणाली, माझ्याशी कधीच नाही. शब्दाला शब्द वाढला आणि बहीण-भावाचे बोलणे बंद पडले. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हा प्रसंग कधी ना कधी आला असेल. लग्नपत्रिका असो, नातवंडांची शाळा असो की दारावरची पाटी.

मला तेव्हा त्या कॅसेटची आठवण झाली. इथे एक बारीकसा तपशील सांगतो. आमच्याकडे नियम होता की गुण लागले की कॅसेट परत करायची, पुढच्या वर्षीची मुले त्याच्यावर पुन्हा चित्रीकरण करणार. एक कॅसेट तशी गेली. दुसरी मात्र मी स्वतःच्या पैशाने घेतलेली, म्हणून माझ्याकडे राहिली होती. पूर्ण फिल्मची व्हीसीडीही होती. व्हीसीडी कशीबशी चालली. कॅसेट चालवायला यंत्रच मिळेना. शेवटी बीदरमध्ये लग्नाचे शूटिंग करणाऱ्या एका फोटो स्टुडिओत धूळ खात पडलेला जुना कॅमेरा सापडला. त्यावरून कॅसेट उतरवून घेतली.

वर्षश्राद्धाच्या आठ दिवस आधी सगळे काचीगुड्याच्या घरात जमले, तेव्हा मी ते टीव्हीवर लावले. आधी दहा मिनिटांची फिल्म. मावशीआजी भाजीवाल्याला झापताना पाहून सगळे हसले. मग त्या कॅसेटवरचा न वापरलेला भाग. तो मी स्वतःही अकरा वर्षांत पाहिला नव्हता. बाजारात चालून दमल्यावर मावशीआजी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली होती. आवाजवाल्या मुलीने "चालू राहू दे" अशी खूण केली होती. आणि कुणी न विचारता मावशीआजी बोलू लागली होती.

ती चौदाव्या वर्षी लग्न होऊन या घरात आली. एक अक्षर मराठी येत नव्हते. सासूने एकेक भांडे हातात देऊन नाव शिकवले. पातेले, ओगराळे, सांडशी. चुकले की जाऊ हसायची. "मग मी काय करायची, सकाळी तुळशीला पाणी घालताना कन्नड बोलायची. हळू. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. तेवढंच माहेर." आणि मग ती हसून म्हणाली, "लेक झाली तवा बरं वाटलं. आता घरात कुणीतरी आहे म्हटलं, माझं ऐकणारं."

सहा मिनिटांचा तो तुकडा. दहा मिनिटांच्या मर्यादेत बसेना आणि बाजाराच्या गोष्टीत मावेना, म्हणून आम्ही चौघांनी मिळून तो बाजूला ठेवला होता. खोलीत कुणी बोलेना. आत्याने पदर डोळ्याला लावला. काका बराच वेळ टीव्हीकडे पाहत बसले आणि म्हणाले, "परत लाव रे." पन्नास-पंचावन्न वर्षे त्याच घरात राहूनही तुळशीपाशी आई काय बोलते, हे त्यांनी कधी ऐकले नव्हते.

फिल्मने भांडण मिटवले असे मी म्हणणार नाही. पत्रिका आधीच मराठीत छापून आल्या होत्या. पण दुसऱ्या दिवशी काकांनी तीसेक पत्रिका आत्यासमोर ठेवल्या आणि म्हणाले, "तुझ्याकडच्यांच्या तू लिही." आत्याने खालच्या मोकळ्या जागेत पेनाने कन्नड मजकूर लिहिला. तिची नात, जिला मराठी येत नाही, आणि काकांची पुण्याची नात, जिला कन्नड येत नाही, दोघींनी मिळून पाकिटांवर तिकिटे चिकटवली. कलबुर्गीची नात मला म्हणाली, "मामा, अज्जी दोन्ही भाषेत सारखीच भांडायची!"

आणखी एक गोष्ट त्या फिल्ममध्ये राहून गेली आहे. सुलतान बाजारावरून आता मेट्रो धावते. तिथले स्टेशन फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाले. आमच्या फिल्ममधल्या बाजारावर मात्र आभाळाची मोकळी पट्टी आहे आणि तिच्याखालून हातात पिशवी घेऊन मावशीआजी चालली आहे. काहीही मुद्दाम न करता आम्ही एका रस्त्याचीही नोंद करून ठेवली होती.

म्हणून पालकहो, मुलगा-मुलगी फिल्म शिकायला निघाली तर पोट भरेल का हे जरूर विचारा. तो प्रश्न खोटा नाही. पहिली काही वर्षे या धंद्यात ओढाताण असते, हे मी पाहिले आहे. हाताशी दुसरे काही काम असू द्यावे. पण शिकण्यातून काय मिळते, तेही मोजा. समोरच्याचे वाक्य संपेपर्यंत थांबणे, परवानगी मागणे, चार भाषांच्या चार माणसांनी एका कामाला खांदा लावणे, या गोष्टी फिल्म करताना शिकाव्याच लागतात. आमच्या गटातला एकजण आज तेलुगू टीव्हीवर काम करतो, आवाजवाली मुलगी शाळेत शिकवते. त्या कामांतही हे शिकलेले वाया गेले नाही.

आणि ज्यांना कुठेच जायचे नाही, त्यांच्याही खिशात आज कॅमेरा आहे. दिवाळीत, उगादीला घर भरलेले असते. आजी-आजोबांना विचारा, चालेल का म्हणून. हो म्हणाले तर पंखा बंद करा, मोबाइल त्यांच्या जवळ ठेवा, म्हणजे आवाज नीट येईल. एखादा साधा प्रश्न विचारा. या घरात आलात तेव्हा पहिला शब्द कोणता शिकलात? मग मध्ये बोलू नका. कोणत्याही भाषेत बोलू द्या. बोलणे संपले असे वाटले तरी मिनिटभर चालू ठेवा. आणि घेतलेले एकाच फोनमध्ये ठेवू नका. एक प्रत कॉम्प्युटरवर, एक पेन ड्राइव्हमध्ये, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे द्या. दर चार-पाच वर्षांनी ते चालते का पाहा, कारण यंत्रे माणसांपेक्षा लवकर म्हातारी होतात.

आमच्या कॅसेटच्या आता पाच प्रती आहेत. एक काचीगुड्यात, एक कलबुर्गीत, एक पुण्यात, दोन माझ्याकडे. गेल्या उन्हाळ्यात आत्याचा फोन आला होता. तिच्या नातीला ते सहा मिनिटे मराठीतून कन्नडमध्ये उतरवून हवे आहेत. सध्या रोज रात्री जेवणानंतर मी आणि माझी मुलगी तेच करत बसलो आहोत. 'ओगराळे'ला नेमका कन्नड शब्द कोणता, यावरून अजून एकमत झालेले नाही.